प्रोसेसरला झेपेल तोच वेग: डेस्कटॉपसाठी रॅम निवडण्याची आणि बसवण्याची पद्धत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा पीसी असेंबल करून आणला, खोक्यावर ३६०० लिहिलेली रॅम टाकली आणि टास्क मॅनेजर उघडला तर तिथे २१३३ किंवा २६६६ दिसतंय. मग दुकानदाराला फोन, आणि तो म्हणतो, ‘चालेल साहेब, काही फरक पडत नाही.’ फरक पडतो. पण अशा वेळी रॅम बहुधा खराब नसते. निवडताना क्रम उलटा झालेला असतो: आधी रॅमच्या खोक्यावरचा आकडा बघितला, मग बोर्ड घेतला आणि प्रोसेसरची मर्यादा कोणी पाहिलीच नाही.

वेग ठरतो तो तीन ठिकाणच्या मर्यादांमधल्या सर्वांत खालच्या आकड्यावर: प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, मदरबोर्डचा चिपसेट आणि रॅमची स्टिक. चौथी गोष्ट म्हणजे स्टिक किती लावल्या. खालचे टप्पे याच क्रमाने करायचे.

टप्पा १: प्रोसेसरची अधिकृत मर्यादा शोधा

प्रोसेसरचं पूर्ण नाव हवं. नुसतं ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ म्हणून भागत नाही, कारण एकाच पिढीत मर्यादा वेगवेगळ्या असतात. इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर मेमरी टाइप आणि कमाल मेमरी स्पीड अशा ओळी असतात. सध्या मुंबईच्या दुकानांत आणि जुन्या मालात जास्त दिसणारे प्रोसेसर असे:

- इंटेल ८वी पिढी: आय३-८१०० ला डीडीआर४-२४००, आय५-८४०० ला २६६६.
- १०वी पिढी: आय३ आणि आय५ ला २६६६; आय७ आणि आय९ ला २९३३.
- ११वी पिढी: आय५ पासून वर ३२००.
- १२वी पिढी: डीडीआर४-३२०० किंवा डीडीआर५-४८००.
- १३वी आणि १४वी पिढी: आय५-१३४०० आणि १४४०० ला डीडीआर५-४८००; १३६००के, आय७ आणि आय९ ला ५६००. डीडीआर४ सगळ्यांना ३२००.
- रायझन ३००० आणि ५००० (आत ग्राफिक्स नसलेले), तसंच ५६००जी: डीडीआर४-३२००. मात्र ३२००जी आणि ३४००जी नावाला ३००० मालिकेतले असले तरी आतून मागच्या पिढीचे आहेत, त्यांना २९३३.
- रायझन ७०००: डीडीआर५-५२००. रायझन ९०००: ५६००.

हे आकडे म्हणजे कंपनीची हमी. त्याच्या वरचं जे काही चालतं ते ओव्हरक्लॉकिंग, मग ते बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एका क्लिकवर होत असलं तरी. एक्सएमपी आणि एक्स्पो म्हणजे स्टिकमध्येच साठवलेली, जास्त वेगाची तयार प्रोफाइल; इंटेल आणि एएमडी दोघंही त्यांना ओव्हरक्लॉकिंगच मानतात, आणि प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. तेवढ्यासाठी घाबरून जायचं कारण नाही. रायझन ७०००वर ६००० चालवणारे भरपूर आहेत. पण तो वेग प्रत्येक चिपवर मिळेलच असं गृहीत धरून पैसे मोजू नका.

*इशारा:* १२वी ते १४वी पिढी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींवर चालते, पण बोर्ड त्यांपैकी एकाच प्रकारचा असतो. दोन्ही स्टिकना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. एकीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावला तर स्लॉट जातो.

टप्पा २: मदरबोर्डचा चिपसेट काय परवानगी देतो

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

इंटेलच्या स्वस्त चिपसेटवर रॅम प्रोसेसरच्या मर्यादेच्या वर जात नाही. एच४१०, बी४६० आणि एच५१० बोर्डांवर मेमरी ओव्हरक्लॉकिंग बंद असतं. आय५-१०४०० आणि बी४६० अशी जोडी असेल तर रॅम २६६६ वर अडकणार, तुम्ही ३६०० लावा नाहीतर ४०००. त्याच प्रोसेसरला झेड४९० बोर्ड असेल तर वर जाता येतं. ११व्या पिढीपासून बी मालिकेलाही सूट मिळाली: बी५६०, बी६६०, बी७६० यांवर मेमरीचा वेग वाढवता येतो. एच६१० वर मात्र आय५-१२४०० सोबत डीडीआर४ ३२०० च्या वर जात नाही.

एएमडीकडे ही भानगड कमी. बी४५०, बी५५० आणि बी६५० वर मेमरी प्रोफाइल लावता येतं. ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नसला तरी मेमरीचा वेग बहुतेक बोर्डांवर वाढवता येतो.

डेल, एचपी, लेनोवोच्या ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच बहुतेक वेळा नसतो. जुन्या बाजारातून असा पीसी घेऊन त्यात ‘गेमिंग’ रॅम टाकणाऱ्यांची फजिती होते ती अशी: खोक्यावर लिहिलेला ३२०० हा एक्सएमपीचा वेग, आणि एक्सएमपीशिवाय ती स्टिक आपल्या मूळ प्रोफाइलवर, म्हणजे २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. स्वस्त, हीटसिंक नसलेली, १.२ व्होल्टची ३२०० सीएल२२ (सीएल म्हणजे डेटा देण्याआधीचा उशीर, क्लॉकमध्ये मोजलेला) स्टिक याच पीसीत, प्रोसेसरची मर्यादा ३२०० असेल तर, काही न करता ३२०० वर चालेल, कारण तिचा ३२०० हा मूळ, जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा वेग आहे. अशा बोर्डांवर महागाची स्टिक हळू आणि स्वस्तातली वेगवान ठरते.

*तपासणी:* बोर्डाच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर कंपनीने तपासलेल्या रॅमची क्यूव्हीएल नावाची यादी असते. त्यात तुमच्या रॅमचा पार्ट नंबर आहे का, आणि त्यासमोर किती स्टिकवर किती वेग लिहिला आहे, ते पाहा. यादीत नसलेली रॅम चालत नाही असं नाही. पण दोन पर्यायांत एक यादीत असेल तर तोच घ्या.

टप्पा ३: किती स्टिक, कुठल्या

एक वेगवान स्टिक घेण्यापेक्षा दोन सावकाश स्टिक बऱ्या. हिशोब सोपा आहे. प्रत्येक चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट, एका वेळी ८ बाइट नेतो. ३६०० ची एकच स्टिक सेकंदाला २८.८ जीबी देते. २६६६ च्या दोन स्टिक मिळून साधारण ४२.७ जीबी. म्हणून १६ जीबी हवी तर ८+८, ३२ हवी तर १६+१६. ‘आत्ता एक घ्या, पुढे दुसरी टाकू’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पुढे तीच बॅच मिळत नाही, चिप बदललेल्या असतात आणि दोन्ही मिळून एक्सएमपीवर उभ्या राहत नाहीत.

चार स्टिक लावल्या की मर्यादा खाली येते, आणि हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. रायझन ५००० वर दोन स्टिकना ३२०० आहे. चार सिंगल रँक (रँक म्हणजे एकत्र चालणाऱ्या चिपचा गट) स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल रँक स्टिकना २६६७. डीडीआर५ मध्ये घसरण फारच मोठी: रायझन ७००० आणि ९००० दोन्हींवर चार स्टिकची अधिकृत मर्यादा ३६००. अंधेरी-गोरेगावला एडिटिंगचं काम करणारे ६४ जीबीसाठी १६ च्या चार स्टिक घेतात आणि मग ६००० चं प्रोफाइल लावल्यावर स्क्रीन काळीच राहते. ३२ च्या दोन घ्या.

रँक स्टिकच्या लेबलवर लिहिलेली असते: १आर×८ म्हणजे सिंगल, २आर×८ म्हणजे ड्युअल.

*इशारा:* जुन्या सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम बाजारात फार स्वस्तात मिळते. ती साध्या डेस्कटॉप बोर्डवर सुरूच होत नाही. लेबलवर आर-डीआयएमएम किंवा वेगाच्या आकड्यामागे ‘आर’ दिसला की ठेवून द्या.

टप्पा ४: लेबल वाचून खरेदी

लेबलवर कधी वेग असतो, कधी बँडविड्थ. पीसी४-२५६०० दिसलं तर ८ ने भागा: ३२००. पीसी४-२१३०० म्हणजे २६६६, पीसी५-४४८०० म्हणजे ५६००.

मग टायमिंग. नुसता वेग बघू नका. सीएलचा आकडा २००० ने गुणून वेगाने भागा, म्हणजे नॅनोसेकंदात उशीर कळतो. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्ही १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ ला १३.७५. डीडीआर५-४८०० सीएल४० ला जवळपास १६.७, तर ६००० सीएल३० ला १०. म्हणजे ६००० सीएल३६ आणि ६००० सीएल३० यांच्या किमतीतला फरक कशाचा, हे इथे समजतं.

कुणासाठी किती खर्च करावा? ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ५६००जी किंवा ८६००जी वर गेम खेळायचे असतील तर रॅमच्या वेगाचा फायदा सरळ दिसतो, कारण ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतात. टॅली, ब्राउझर, मुलांचा अभ्यास यासाठी प्रोसेसरच्या मर्यादेएवढ्या वेगाच्या दोन स्टिक घ्या आणि उरलेले पैसे एसएसडीत घाला. आरजीबीच्या लाइटवर काय घालायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुकानात बिल पक्कं घ्या. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो; तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर रॅम घेतली तर वॉरंटीच्या वेळी अडचण होते. बिलावर दोन्ही स्टिकचे सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वेग जुळला नाही तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं रविवारी बंद असतात; बदलायला जायचं असेल तर तो दिवस टाळा.

टप्पा ५: स्टिक बसवणे

१. एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्विच बंद करा आणि वायर काढा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

२. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिक कमी असतं, पण एसीच्या खोलीत ही खात्री धरू नका.

३. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि बँडविड्थ अर्धी होते. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या तर चॅनल दोन मिळतात, पण वरचा वेग टिकत नाही.

४. दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. क्लिप स्वतःहून बंद झाली पाहिजे. सोनेरी पट्टी बाहेर दिसत असेल तर स्टिक अर्धवट बसली आहे.

जुनी स्टिक पुन्हा लावत असाल तर तिची सोनेरी कड आधी बघा. समुद्राजवळच्या घरांत त्यावर डाग चढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड वापरा. खोडरबरानेही डाग जातो, पण त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि मग नवंच दुखणं सुरू होतं.

*इशारा:* एएम५ (रायझन ७००० आणि ९००० च्या) बोर्डवर डीडीआर५ लावून पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो. घाबरून मधेच बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

टप्पा ६: आधी बायोस अपडेट, मग प्रोफाइल

हा क्रम उलटा करू नका. एक्सएमपी लावलेल्या, अजून न तपासलेल्या रॅमवर बायोस फ्लॅश करताना मेमरीत एक चूक झाली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. रॅम मूळ वेगावर असतानाच अपडेट करा. रायझन ७००० असेल तर हे टाळूच नका: २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोसमधून एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर असलेला भाग) व्होल्टेजला १.३० व्होल्टचा लगाम घातला. जुन्या बायोसवर एक्स्पो लावल्यावर ते व्होल्टेज त्याच्या वर जाऊ शकतं.

अपडेट झाल्यावर:

१. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा.

२. प्रोफाइल शोधा. इंटेल बोर्डवर नाव एक्सएमपी. एएमडीवर डीडीआर५ साठी एक्स्पो. डीडीआर४ च्या बोर्डांवर एसुसने डीओसीपी, एमएसआयने ए-एक्सएमपी अशी नावं दिली आहेत.

३. एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर प्रोसेसरच्या मर्यादेजवळचं आधी निवडा.

४. व्होल्टेज वाचा. डीडीआर४-३२०० सीएल१६ ला १.३५ अपेक्षित, डीडीआर५-६००० च्या बऱ्याच किटलाही १.३५. याहून खूप वर काही दिसलं तर स्टिकच्या लेबलशी ताडून पाहा.

५. एफ१० ने सेव्ह करा.

पुढे कधीही बायोस अपडेट केलं की प्रोफाइल पुन्हा बंद होतं. ‘पीसी अचानक हळू झाला’ या तक्रारीत हे आधी बघा.

टप्पा ७: कंट्रोलर रॅमच्या पावलाने चालतोय का

इथे आकडा बरोबर दिसूनही कामगिरी कमी मिळू शकते. मेमरी कंट्रोलर रॅमच्याच क्लॉकवर चालतो किंवा निम्म्यावर. इंटेलच्या डीडीआर४ बोर्डवर याला गिअर १ आणि गिअर २ म्हणतात. १२व्या पिढीत ३२०० गिअर १ मध्येच हवं. नावात के नसलेल्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ १२४०० वर, कंट्रोलरला लागणारं व्होल्टेज लॉक असतं. म्हणून ३६०० गिअर १ मध्ये टिकेलच असं नाही, आणि बोर्ड गुपचूप गिअर २ वर जातो. मग ३६०० दिसूनही ते ३२०० गिअर १ पेक्षा सुस्त वाटतं. ११व्या पिढीत आय९-११९००के सोडून बाकीच्यांना गिअर १ ची अधिकृत मर्यादा २९३३ आहे. इंटेलवर डीडीआर५ मात्र गिअर २ मध्येच चालतं, तिथे हे शोधत बसू नका.

रायझन ५००० वर इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा) क्लॉक रॅमच्या क्लॉकइतका, म्हणजे लिहिलेल्या वेगाच्या निम्मा हवा: ३२०० ला १६००, ३६०० ला १८००. ४००० ला २००० लागतो, आणि तो बऱ्याच चिपना झेपत नाही. रायझन ७००० आणि ९००० वर ६००० ला फॅब्रिक ऑटोवर सोडा. बघायचं ते यूसीएलके (कंट्रोलरचा क्लॉक) आणि मेमक्लॉक (रॅमचा) सारखे आहेत का एवढंच. म्हणूनच एएम५ वर ६००० घ्या. ७२०० च्या किटला जादा पैसे देऊन कंट्रोलर अर्ध्यावर चालवण्यात हशील नाही.

टप्पा ८: आकडा वाचताना होणारी गफलत

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘स्पीड’ समोर ३२०० दिसलं की झालं. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये मात्र साधारण १५९७ दिसतं, आणि रॅम अर्ध्या वेगाने चालते म्हणून लोक दुकान गाठतात. डीडीआर म्हणजे एका क्लॉकला दोन वेळा डेटा, त्यामुळे सीपीयू-झेडचा आकडा दुप्पट करा.

चॅनलही तिथेच तपासा. डीडीआर४ वर ‘ड्युअल’ दिसलं पाहिजे. डीडीआर५ ची एक स्टिक आतून दोन ३२-बिट भागांची असते, म्हणून दोन स्टिक बरोबर लावल्या तर ‘४ × ३२-बिट’ दिसतं. ‘२ × ३२-बिट’ दिसलं तर एक स्टिक ओळखली गेलेली नाही किंवा दोन्ही एकाच चॅनलवर आहेत.

टप्पा ९: विंडोज टाकण्याआधी चाचणी

असेंबल करणारे बहुतेक जण आधी विंडोज टाकतात आणि रॅम कधी तपासतच नाहीत. अस्थिर रॅमवर इन्स्टॉल झालेल्या विंडोजमध्ये फाइल बिघडलेल्या राहतात. नंतर वेग कमी केला तरी निळी स्क्रीन येतच राहते आणि दोष भलत्याच भागावर जातो.

दुसऱ्या पीसीवर पेनड्राइव्हमध्ये रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ तयार करा, त्यावरून बूट करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. क्षमतेनुसार काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एरर शून्यच पाहिजे. एकही एरर म्हणजे नापास. ‘एकच तर आहे’ असं मनाला समजावू नका. विंडोज टाकल्यावर टेस्टमेम५ हा विंडोजमधला रॅम तपासणारा प्रोग्रॅम एकदा चालवा, कारण मेमटेस्टमध्ये न दिसलेल्या काही चुका तिथे सापडू शकतात. चाचणी कॅबिनेट बंद करून, एसी न लावता करा. जानेवारीत उघड्या कॅबिनेटमध्ये पास झालेलं ६००० मे महिन्याच्या दुपारी तसंच टिकेल, याची खात्री देता येत नाही.

नापास झालं तर, याच क्रमाने

१. पीसी सुरूच होत नसेल तर वायर काढून सीएमओएस क्लिअर करा: बोर्डवरच्या दोन पिना काही सेकंद जोडा, किंवा २०३२ चा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

२. एकच स्टिक ए२ मध्ये लावून चाचणी घ्या, मग दुसरी. एकटी स्टिक मूळ वेगावरही एरर देत असेल तर ती खराब आहे. पूर्ण किट बदलून मागा, एकटी नाही.

३. दोन्ही एकट्या पास आणि जोडीने नापास? प्रोफाइल तसंच ठेवून फक्त वेग एक पायरी उतरवा: ६००० वरून ५८००, मग ५६००, ३६०० वरून ३४६६, मग ३२००. टायमिंगला हात लावू नका. प्रत्येक पायरीला चाचणी पुन्हा.

४. प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेवरही जोडी उभी राहत नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या (रायझन ५००० आणि त्याआधीच्यांत प्रोसेसरच्या खालच्या) पिना भिंगाने बघा. एक वाकडी पिन असली तर एक पूर्ण चॅनल जातो. कूलरचा स्क्रू एका बाजूला जास्त आवळला असेल तरीही हेच होतं, म्हणून पिना सरळ दिसल्या तर कूलर सैल करून चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे-थोडे आवळा.

व्होल्टेज वाढवून बघण्याचा सल्ला या यादीत मुद्दाम दिलेला नाही. ज्यांना तो करायचाच आहे त्यांना ही यादी लागत नाही, आणि ज्यांना यादी लागते त्यांनी ३२०० किंवा ५६०० वर समाधानाने थांबावं.